पाण्याचे वर्ष आणि क्लबचे वर्ष

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी क्लबांचे वर्ष जुलैअखेरीस सुरू होते आणि मार्चमधील वार्षिक महोत्सव आटोपला की संपल्यातच जमा असते. कोकणातील पाण्याचे वर्ष याच्या बरोबर उलट चालते. जुलैत पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, दुथडी भरून वाहत असल्याने तेव्हा पाणी मोजण्यात काही अर्थ नसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा खरोखर मोजायला हवे, तेव्हा विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासात तरी असतात किंवा आपापल्या घरी तरी गेलेले असतात. तिसऱ्या वर्षात असताना शाश्वत अभियांत्रिकी क्लबची अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली आणि त्यानंतरचा माझा महाविद्यालयातील बहुतेक मोकळा वेळ या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्यात गेला.

निवड हा शब्द जरा मोठाच म्हणायचा. मार्गदर्शक सरांच्या खोलीत आम्ही काही जण जमलो, कोणाचे गुण बरे आहेत आणि कोण वेळ देऊ शकेल याची चर्चा झाली, आणि अध्यक्ष, सचिव व खजिनदार ही पदे चहा संपेपर्यंत वाटली गेली. सचिव स्थापत्य शाखेची, देवगडकडची. खजिनदार यंत्र शाखेचा, चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांपैकी एका घरातला. नदीत किंवा पऱ्यात बसवायच्या कोणत्याही वस्तूबद्दल त्याचा पहिला प्रश्न ‘पावसात ही कुठे असेल?’ हाच असे, आणि पुढे या प्रश्नाचा आम्हांला फार उपयोग झाला.

आधीच्या पदाधिकाऱ्यांकडून आमच्या हाती आले ते लोखंडी कपाटाची किल्ली, क्लबचा शिक्का आणि प्रमाणपत्रांच्या प्रतींची एक जाडजूड फाइल. मागील काही वर्षांत क्लबने प्रवेशद्वाराशी सौरदिवे लावले होते, उपाहारगृहामागे खताची टाकी बांधली होती, शेजारच्या शाळेत पावसाचे पाणी साठवण्याची सोय केली होती. प्रत्येक कामाच्या उद्घाटनाची छायाचित्रे फाइलमध्ये होती. मात्र एकाचाही आराखडा नव्हता, बॅटरीचे बिल नव्हते, गाळणीची जाळी कोणी आणि केव्हा साफ करायची याची नोंद नव्हती. सौरदिव्यांच्या बॅटऱ्या केव्हाच निकामी झाल्या होत्या आणि त्यांची हमी कधी संपली, हे सांगू शकणारी मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागली होती. यात त्या मुलांना दोष देण्यासारखे काही नाही, कारण पदाची मुदत एका शैक्षणिक वर्षाची असली की काम उद्घाटनाशी येऊन थांबणारच.

काम कोठे करायचे हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात महाविद्यालयांनी गावे दत्तक घ्यायची असतात. आमच्या महाविद्यालयाच्या गावांपैकी एक राजापूर तालुक्यातील होते आणि त्याची एक वाडी डोंगराच्या उतारावर होती. वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, मधल्या टप्प्यावर कौलारू घरे, आणि खाली झाडीतून वाहणारा पऱ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तरीही जांभ्यात मुरलेले पाणी तेथे टिकत नाही, उताराने भराभर निघून समुद्राला मिळते, आणि फाल्गुन संपेपर्यंत विहिरींचा तळ दिसू लागतो. वाडीला नळयोजना होती, पण तिचा विजेचा पंप पावसाळ्यात वादळ-वाऱ्यामुळे बंद पडे आणि उन्हाळ्यात विहीरच आटल्यामुळे थांबे. बायका पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली उतरून पऱ्यातून हंडे भरून आणत.

वाडीतल्या पहिल्या बैठकीत पऱ्याचे पाणी विजेशिवाय वर चढवण्याची आमची कल्पना आम्ही उत्साहाने मांडली. देवळाच्या सभामंडपात बसलेल्या एका वयस्क गावकऱ्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘पोरांनो, तुमी पंप लावाल नि जाल. बिघडला तर आमी कोनाला बोलवायचा?’’ आमच्यापैकी एकाने पटकन, क्लबला फोन करा, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘‘फोन कोन उचलील? तुमी तवा खंय असाल?’’ या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि ते तयार होईपर्यंत वाडीत काहीही बसवायचे नाही असे परतीच्या एस.टी.मध्येच ठरले.

आमची कल्पना हायड्रॉलिक रॅमची होती. हे यंत्र नवे नाही. उष्ण हवेच्या फुग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉंगोल्फिए बंधूंपैकी जोझेफ यांनी १७९६ मध्ये फ्रान्समध्ये ते तयार केले. त्याला वीज लागत नाही आणि इंधनही लागत नाही. उंचावरून नळीतून खाली येणारे पाणी यंत्राच्या वेस्ट व्हॉल्व्ह नावाच्या उघड्या झडपेतून बाहेर पडत असते. प्रवाहाचा वेग वाढला की तोच प्रवाह या झडपेला उचलून धाडकन बंद करतो. अचानक अडलेल्या पाण्याचा दणका दुसरी, एकाच दिशेने उघडणारी झडप ढकलतो, आणि थोडे पाणी हवेच्या बंद टाकीत शिरून तेथून बारीक नळीने वर चढते. दाब ओसरला की वेस्ट व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने पुन्हा उघडतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते, दर मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा, रात्रंदिवस.

हिशेब सोपा आहे आणि तो वाडीतल्या लोकांनाही चटकन समजला. मिळणारे पाणी म्हणजे येणाऱ्या पाण्याला पडीच्या उंचीने व कार्यक्षमतेने गुणायचे आणि चढाच्या उंचीने भागायचे. आम्हांला पऱ्यात ३ मीटरची पड मिळत होती आणि वाडीच्या टाकीपर्यंत ३० मीटर चढ होता. कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर १०० लिटर पाण्यातून ६ लिटर वर जाते आणि ९४ लिटर पऱ्यात परत येते. मिनिटाला ६० लिटर पाणी मिळाले तर वर ३.६ लिटर चढेल, म्हणजे चोवीस तासांत ५,१८४ लिटर. वाडीत बारमाही राहणारी माणसे साठाच्या आसपास. जल जीवन मिशनचे माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण लावले तरी गरज ३,३०० लिटरची होते. म्हणजे सारा प्रश्न मे महिन्यात पऱ्यात किती पाणी असते, यावर येऊन ठेपला.

आणि तेच कोणाला ठाऊक नव्हते. ‘धारेचं पाणी कधी आटत नाही’ असे सगळे सांगत, परंतु न आटणे आणि मिनिटाला ६० लिटर असणे यांत बरेच अंतर आहे. ऑक्टोबरपासून आम्ही पत्र्याची व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, लावून मोजमाप सुरू केले. पुढे परीक्षा जवळ येऊ लागल्या, तेव्हा सचिवाने असा तोडगा काढला की मातीचा लहानसा बांध घालून सगळे पाणी एका नळीतून काढायचे आणि वाडीच्या बचत गटातील काकींनी धुणे धुवायला गेल्यावर २० लिटरची बादली नळीखाली धरून मोबाइलच्या घड्याळात वेळ पाहायची. आकडे आम्हांला व्हॉट्सॲपवर येत. कधी सेकंदांबरोबर ‘आज म्हशी वर बसल्यात, पाणी गढूळ’ अशी टीपही असे. मार्चच्या मध्यापर्यंत बादली २० सेकंदांत भरत होती. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिला ४८ सेकंद लागू लागले, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. आम्ही मनाशी धरलेला दोन इंची रॅम एवढ्या पाण्यावर नीट चालला नसता. त्या एका आकड्याने आराखडा बदलला: एका मोठ्या रॅमऐवजी दीड इंची दोन, स्वतंत्र नळ्यांवर. हिवाळ्यात दोन्ही चालवायचे आणि पाणी घटले की एक बंद करायचा.

आकडे येत होते त्याच काळात महाविद्यालयात निराळी ओढाताण चालू होती. मार्चच्या महोत्सवात प्रत्येक क्लबने आपला वर्षभराचा प्रकल्प मांडायचा असतो आणि पुढील वर्षाचे अनुदान त्यावरच ठरते. ‘यंदा आम्ही फक्त पाणी मोजत आहोत’ हे वाक्य कोणत्याही फलकावर शोभत नाही. शेवटी आम्ही द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पहिल्या मजल्यावरच्या टाकीला नळी जोडून जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) फिटिंगचा एक रॅम चालवून दाखवला. पाहणारे थांबत, झडपेचा आवाज ऐकत आणि वीज कोठे जोडली आहे हे शोधत. परीक्षकांनी सौरपंप का नाही, असे विचारले आणि प्रश्न रास्तच होता. पऱ्याचा काठ किंजळ-ऐनाच्या दाट सावलीत, पॅनेल लावायचे तर वर सड्यावर, तेथे माकडांचा उच्छाद, आणि कंट्रोलर बिघडला तर मेकॅनिक तालुक्याहून यायचा. रॅमचे रबर मात्र जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापता येते. आम्हांला पारितोषिक मिळाले नाही. अनुदान मात्र मिळाले, अर्थात तीन दरपत्रके, जीएसटीची बिले आणि प्रत्येक बिलामागे सह्यांची रांग या अटींवर. राजापूरच्या बाजारात फूट व्हॉल्व्ह आणि निपल विकणाऱ्याकडून तीन दरपत्रके मागणे म्हणजे काय, हे खजिनदारालाच विचारावे.

बिघडल्यावर कोणाला बोलवायचे, या वाडीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन ठिकाणी शोधले. पहिले म्हणजे क्लबची नियमावली. मार्गदर्शक सरांच्या संमतीने आम्ही पदाधिकाऱ्यांची मुदत जानेवारी ते डिसेंबर अशी केली, म्हणजे उन्हाळ्याच्या मोजमापाच्या वेळी पदावर असलेली मुलेच पावसाळ्यानंतरच्या कामाला हजर असतात. प्रत्येक पदाला दुसऱ्या वर्षातील एक उपपदाधिकारी जोडला, जो पुढील वर्षी आपोआप पुढे येतो. ‘देखभाल प्रमुख’ हे नवे पद निर्माण केले आणि त्याला नव्या प्रकल्पात काम करण्यास मनाई केली. या शेवटच्या कलमावर बराच वाद झाला, कारण नवे काही न करता जुने सांभाळण्याचे पद कोणालाच नको होते. पहिल्या वर्षी ते मीच घेतले. अध्यक्षपदावरून उतरलेल्या व्यक्तीने ते घ्यावे असा पायंडा त्यातूनच पडला. माझ्या मते आमच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, रॅम दुसऱ्या क्रमांकावर.

दुसरे ठिकाण अर्थातच वाडी. आमची टाकी जेथे बसणार होती आणि नळी जेथून जाणार होती त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सामायिक नावांची एवढी मोठी यादी होती की तलाठी कार्यालयातून मिळालेला उतारा अनेक पानांचा निघाला. त्यांतील बहुतेक सहहिस्सेदार मुंबईत, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. कोकणात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि ना हरकत दाखला मिळाला तरी, उद्या कोणी चाकरमानी उठून नळी उपटून टाकील अशी भीती वाडीलाच होती. त्यावर एकच वेळ योग्य असते ती म्हणजे गणपतीची. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत, गौरीविसर्जनानंतर वाडीच्या ग्रामीण आणि मुंबई मंडळाची संयुक्त बैठक झाली. नव्या अध्यक्षाने हिशेब मांडला, बचत गटाच्या काकींनी स्वतः मोजलेले बादलीचे आकडे वाचून दाखवले, आणि आमच्या भाषणापेक्षा त्या आकड्यांचाच परिणाम अधिक झाला. उपस्थित हिस्सेदारांनी संमतिपत्रावर सह्या केल्या, गैरहजर असलेल्यांची हमी त्यांच्या भाऊबंदांनी घेतली, आणि मुंबई मंडळाने टाकीचा खर्च उचलला.

बसवण्याचे काम दिवाळीनंतर केले. सहा मीटरच्या तीन-तीन जीआय नळ्या जोडून प्रत्येकी १८ मीटरच्या दोन ओळी पऱ्याच्या कडेने उतरवल्या. येथे प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण ती किंचित फुगून दणका स्वतःच पिऊन टाकते. प्रत्येक आट्यावर सफेदा आणि सुतळी गुंडाळून पान्याने आवळण्याचे काम वाडीतील एका दादाने आमच्याहून निम्म्या वेळात केले. आंब्याच्या बागांतील फवारणी पंप दुरुस्त करणे हा त्याचा मोसमी व्यवसाय. रॅम उघडून त्याने झडपेचे रबर पाहिले, बोटाने दाबले आणि म्हणाला, ‘‘ताई, ह्याच्यापेक्षा आमच्या स्प्रे पंपात जास्त भानगडी असतात.’’ देखभालीचा माणूस आम्हांला तेथेच सापडला. वाडीने त्याला त्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले.

पाणी सोडल्यावर झडप आपोआप चालत नाही. सुरुवातीला ती हाताने दाबून उघडावी लागते, पुन्हा दाबावी लागते, वरच्या नळीत पुरेसा दाब साठेपर्यंत हे करत राहावे लागते. मग हातातून ती जणू निसटते आणि स्वतःच ठोके घेऊ लागते. पहिल्या रॅमचे ठोके फार भरभर पडत होते, म्हणून दांड्यावर दोन वायसर चढवून वजन वाढवले, तेव्हा ते मिनिटाला पंचेचाळिसावर आले. वर टाकीपाशी उभ्या असलेल्या मुलांनी फोनवर पाणी आल्याचे सांगितले तेव्हा धार करंगळीएवढी होती. हे पाहून एक आजी म्हणाल्या, ‘‘एवढ्याश्या पान्यानं काय व्हायचा?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून वाहत होती.

अडचणी आल्या त्या पुस्तकातल्या नव्हत्या. रॅमच्या हवेच्या टाकीतील हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि ती संपली की दणके थेट सांध्यांवर बसतात. त्यासाठी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेखाली दीड मिलिमीटरचे छिद्र ठेवायचे असते, ज्यातून प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत ओढली जाते, हे आम्ही वाचले होते. पऱ्यातले खेकडे तोंडाशी असलेल्या जाळीखालची माती पोखरून आत शिरतात, हे कोठेच लिहिलेले नव्हते. एकदा ठोके एकाएकी थांबले आणि रॅम उघडल्यावर झडपेत खेकड्याचा आंगडा (नांगी) अडकलेला निघाला. आता जाळी जांभ्याच्या चौथऱ्यावर सिमेंटात बसवली आहे आणि धुण्याला आलेल्या काकी तिच्यावरचा पालापाचोळा काढून टाकतात.

खालच्या वाडीची तक्रार मात्र गंभीर होती. वरच्यांनी पाणी अडवले म्हणून आपला पऱ्या रोडावला, असे त्यांचे म्हणणे. देखभाल प्रमुख या नात्याने हे प्रकरण माझ्याकडे आले. आम्ही तेथील मंडळींना रॅमपाशी नेले, आधी वरच्या नळीतले आणि मग बाहेर पडणारे पाणी त्यांच्याच बादलीने मोजून दाखवले. १०० मधील ९४ लिटर परत येतात हे पाहून बहुतेकांचे समाधान झाले. तरीही त्यांच्या आग्रहावरून मे महिन्यात खालच्या वाडीच्या विहिरीची पातळी ठरावीक खाली गेली तर रॅम बंद ठेवायचा, असे लेखी ठरवले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने याची गरज नव्हती, पण शेजारधर्माच्या दृष्टीने होती आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आम्ही वेगळा ठेवला. रॅम पाणी चढवतो, शुद्ध करत नाही. गावच्या जलसुरक्षकाकडून टाकीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्याची व्यवस्था केली. ती नियमित होईपर्यंत ते पाणी वापरायला, गुरांना आणि परसातल्या माडांना, आणि पिण्याला विहिरीचेच, असा नियम वाडीने पाळला. पहिल्या मे महिन्यात अपेक्षेप्रमाणे एकच रॅम चालला आणि दिवसाला २,००० लिटरच्या थोडे वर पाणी मिळाले. म्हणजे माणशी ३५ लिटर, ५५ नव्हे. चाकरमानी सुट्टीला आल्यावर तेही पुरेनासे झाले आणि बायकांना काही हंडे आणावेच लागले. हे आम्ही अहवालात जसेच्या तसे लिहिले, तेव्हा काही सदस्यांना ते खटकले होते.

पावसाळ्यापूर्वी दोन्ही रॅम काढून देवळामागच्या खोलीत ठेवायचे, हा खजिनदाराचा आग्रह आराखड्यातच उतरला होता. म्हणून प्रत्येक रॅम चार बोल्टांवर आणि एका युनियनवर, म्हणजे सहज सुटणाऱ्या सांध्यावर, बसवलेला आहे. मृगाच्या आधी क्लबची मुले जाणार होती, पण त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा पुढे ढकलली गेली. ती पोहोचण्यापूर्वीच त्या दादाने दोन्ही रॅम उतरवून, रबरे काढून, आट्यांना ग्रीस लावून ठेवले होते आणि नव्या रबरांची मापे वहीत लिहिली होती. वही मराठीत आहे. क्लबच्या इंग्रजी अहवालापेक्षा तिच्यात अधिक उपयोगी माहिती सापडते.

आता लांजा तालुक्यातील एका वाडीने क्लबकडे अर्ज दिला आहे. त्यांना दिवाळीत रॅम हवा आहे, ग्रामपंचायत तयार आहे, निधीचीही सोय होईल असे ते म्हणतात. सध्याच्या अध्यक्षाने त्यांना मापाची बादली आणि वहीचा नमुना पाठवला आहे, आणि पुढच्या मे महिन्याचे आकडे हाती आल्याशिवाय क्लब होकारही देणार नाही आणि नकारही, असे पत्राने कळवले आहे.